तपकिरी बीटी उन्हात खरेच जास्त टिकतो का?

तुम्ही लिहिले आहे की एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सांवेर तालुक्यातील सोयाबीनच्या शेतातली माती घेऊन तुम्ही तिच्यातून बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे आपण ज्याला बीटी म्हणतो तो कीटकनाशक जीवाणू वेगळा केला. टायरोसीन हे अमिनो आम्ल घातलेल्या माध्यमावर 42 अंश सेल्सिअसला वाढवल्यावर त्याच्या वसाहतींभोवती तपकिरी रंग पसरला आणि प्लेट टेबलावर राहिली तसा तो गडद होत गेला. हा रंग मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचाच आहे हे कसे ठरवावे, त्यामुळे बीटी उन्हात अधिक टिकेल का, आणि तसे असल्यास पुढच्या खरिपात ओळखीच्या शेतकऱ्यांना तो फवारायला देता येईल का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत. इंदुरात जैविक कीटकनाशकांच्या उत्पादनात आणि गुणवत्ता तपासणीत मी बरीच वर्षे काम करते आहे. त्या अनुभवावरून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते की पुढच्या खरिपात ते शक्य नाही. पहिल्या दोन प्रश्नांना मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण तपकिरी रंग दिसणे, तो मेलॅनिनचा असणे आणि त्यामुळे कीटकनाशक गुण उन्हात टिकणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली प्रत्येक स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

ऊन बीटीचे नेमके काय बिघडवते हे आधी पाहू. बीटी बीजाणू तयार करताना पेशीच्या आतच प्रथिनांचा एक स्फटिक बनवतो आणि हा स्फटिक पेशीच्या कोरड्या वजनाच्या 20 ते 30 टक्क्यांपर्यंत भरू शकतो. अळीने पानाबरोबर तो खाल्ला की तिच्या मध्यांत्रातील तीव्र अल्कधर्मी रसात तो विरघळतो, तिच्याच पाचक रसातील प्रथिनभंजक विकर त्याचे तुकडे करून क्रियाशील विष मोकळे करतात, ते विष आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना छिद्रे पाडते, अळी खाणे थांबवते आणि पुढे बीजाणू रुजून तिच्या शरीरात जीवाणू पसरतात. म्हणजे आपल्याला पानावर दोन वस्तू टिकवायच्या असतात, एक जिवंत बीजाणू आणि दुसरा निर्जीव पण विषारी स्फटिक. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण या दोघांना वेगवेगळ्या रीतीने मारतात. बीजाणूच्या डीएनएमध्ये शेजारशेजारच्या थायमिनांची चुकीची जोडणी होते. स्फटिकात प्रामुख्याने ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची नासाडी होते आणि प्रथिनाचा विषारी गुण उतरतो. पानावरच्या साध्या फवारणीची ताकद यामुळे काही तासांत ते थोड्या दिवसांत निम्म्यावर येते. इंदूर कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि पावसाळ्यात ढग असले तरी अतिनील किरणांचा बराच भाग त्यांतून खाली येतो. सोयाबीनवर उंटअळी आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळी वाढते ती नेमकी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पावसाच्या उघडिपीत, म्हणजे ऊन लख्ख असताना.

मेलॅनिन बनवणाऱ्या बीटीत अनेकांना रस वाटतो तो यामुळेच. मेलॅनिन अतिनील ते दृश्य प्रकाशापर्यंतच्या विस्तीर्ण पट्ट्यात किरण शोषते, ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देते आणि शिवाय मुक्त मूलके पकडते. ही कल्पना नवी नाही. 1996 साली गडद तपकिरी रंगद्रव्य बनवणाऱ्या एका बीटी उत्परिवर्तीचे, म्हणजे जनुकात बदल झालेल्या प्रकाराचे, काम प्रसिद्ध झाले आणि त्यात अतिनील किरणांची सहनशीलता व कीटकनाशक परिणाम हे दोन्ही वाढल्याचे नोंदवले गेले. 2002 साली कुर्स्टाकी या उपजातीचा मेलॅनिन बनवणारा, अतिनील किरण सोसणारा उत्परिवर्ती समोर आला. 2004 साली चीनमधील संशोधकांनी दाखवले की कोणतेही उत्परिवर्तन न करता, नुसते टायरोसीन देऊन 42 अंशांना वाढवले तरी बीटीचे काही स्ट्रेन, म्हणजे वाण, मेलॅनिन बनवतात आणि त्यांची अतिनील सहनशीलता वाढते. तुमचा प्रयोग या तिसऱ्या वाटेवरचा आहे.

आता रसायनाकडे येऊ. त्याच्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. जीवाणू मेलॅनिनकडे मुख्यतः दोन मार्गांनी जातात. पहिल्या मार्गात टायरोसिनेज हे तांबेयुक्त विकर टायरोसीनचे डोपा आणि पुढे डोपाक्विनोन करते, आणि त्यापासून काळपट युमेलॅनिन तयार होते. दुसरा मार्ग टायरोसीन पचवण्याच्या नेहमीच्या वाटेतून फुटतो. टायरोसीनपासून हायड्रॉक्सिफेनिलपायरुव्हेट, त्यापासून होमोजेंटिसेट, आणि होमोजेंटिसेट डायऑक्सिजनेज या विकराच्या साहाय्याने पुढे फ्युमरेट व ॲसिटोॲसिटेट, अशी ही वाट आहे आणि शेवटी जीवाणूला त्यातून अन्न मिळते. बॅसिलस सिरियस गटातील जीवाणू, आणि त्यांत बीटीही, ही वाट वापरतात, म्हणूनच टायरोसीनच्या गढूळ प्लेटवर त्यांच्या वसाहतींभोवती स्वच्छ वलय पडते. होमोजेंटिसेट डायऑक्सिजनेज निकामी झाले की होमोजेंटिसेट साचते, पेशीबाहेर पडते, हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप ऑक्सिडीकृत होऊन जोडले जाते, आणि तपकिरी पायोमेलॅनिन बनते. माणसातील अल्काप्टोन्युरिया या आजारात हेच विकर निकामी असते, आणि म्हणून त्या रुग्णांची लघवी हवेत ठेवली की काळी पडते. आर्चिबाल्ड गॅरड यांनी 1902 साली या आजाराच्या आनुवंशिकतेवर लिहिले तेव्हा, शंभर वर्षांनी हीच रासायनिक वाट कीटकनाशक जीवाणूच्या संदर्भात अभ्यासली जाईल, असे कोणाच्या मनातही आले नसेल. बीटीतील मेलॅनिन बनवणाऱ्या एका उत्परिवर्तीत रंगाचे मूळ याच विकरातील एका अमिनो आम्लाच्या बदलापर्यंत नेऊन दाखवलेले आहे.

तुमच्या वर्णनात रंग वसाहतीत न राहता आजूबाजूच्या माध्यमात पसरतो, उशिरा येतो आणि प्लेट नुसती ठेवली तरी गडद होत जातो, ही तिन्ही लक्षणे पायोमेलॅनिनकडे बोट दाखवतात. पण त्याआधी खोटा तपकिरी रंग वगळा. माध्यमात ग्लुकोज असेल आणि ते टायरोसीन किंवा यीस्ट अर्काबरोबरच ऑटोक्लेव्ह केले, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केले, असेल, तर साखर आणि अमिनो आम्ले एकमेकांशी जोडली जाऊन माध्यम आपोआप तपकिरी होते. म्हणून साखर वेगळी निर्जंतुक करून नंतर मिसळावी, आणि जीवाणू न लावलेली एक प्लेट त्याच 42 अंशांना तेवढेच दिवस नक्की ठेवावी. दुसरी प्लेट जीवाणू लावलेली पण टायरोसीनविना असावी. टायरोसीन पाण्यात फार कमी विरघळते, खोलीच्या तापमानाला लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे त्याहून जास्त घातलेले टायरोसीन माध्यमात सुईसारख्या कणांच्या रूपात राहते. सूक्ष्मदर्शकाखाली नवखी मंडळी या कणांनाच बीटीचे स्फटिक समजतात. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात प्लेटभर चमकदार स्फटिक दिसल्याचा उल्लेख आहे, त्याबद्दल मला ही शंका आहे. बीटीचा स्फटिक बीजाणूच्या शेजारी, त्याच पेशीत किंवा पेशी फुटल्यावर त्याच्या लगत दिसतो, आकाराने बीजाणूएवढा किंवा त्याहून थोडा लहान असतो आणि कुर्स्टाकीत तो बहुधा समभुज चौकोनासारखा दिसतो.

मेलॅनिनची ओळख पटवण्याच्या चाचण्या सोप्या आहेत, पण एकेकटीवर भरवसा ठेवू नये. गाळून घेतलेल्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पीएच 2 पर्यंत आणला की मेलॅनिन गाळ होऊन खाली बसते. हा गाळ पाणी, अल्कोहोल, ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म यांत विरघळत नाही, सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळतो, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा हायपोक्लोराइट टाकल्यावर फिका पडतो, आणि फेरिक क्लोराइडने भुरकट तपकिरी गाळ देतो. वर्णपटात अतिनील भागात शोषण सर्वांत जास्त असते आणि दृश्य प्रकाशाकडे जाताना ते कुठेही शिखर न दाखवता उतरत जाते. शोषणाचा लॉगॅरिदम तरंगलांबीसमोर मांडला तर जवळजवळ सरळ, उतरती रेषा मिळायला हवी. इंदुरातील मोठ्या संस्थांत इन्फ्रारेड वर्णपट काढून मिळतो, त्यात 3400 सेंमी⁻¹ च्या आसपास रुंद पट्टा आणि 1600 ते 1650 सेंमी⁻¹ दरम्यान ॲरोमॅटिक पट्टा दिसतो. पण मेलॅनिनात अडकून बसलेल्या प्रथिनांचे पट्टेही याच भागात येतात, म्हणून गाळ आधी 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून प्रथिने तोडून टाकल्याशिवाय त्या वर्णपटाला फारसा अर्थ नसतो. इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्समध्ये 2.003 ते 2.004 या जी-मूल्याजवळ मिळणारा एकेरी संकेत हा सर्वांत भक्कम पुरावा, परंतु एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी त्याचा आग्रह मी धरणार नाही.

त्यापेक्षा मार्ग ठरवणारी चाचणी अधिक उपयोगाची आहे आणि ती स्वस्तही आहे. एका माध्यमात कोजिक आम्ल घाला, ते टायरोसिनेजला अडवते. दुसऱ्यात सल्कोट्रायोन घाला, ते होमोजेंटिसेट तयार करणाऱ्या हायड्रॉक्सिफेनिलपायरुव्हेट डायऑक्सिजनेजला अडवते. मक्यातील तणनाशक टेम्बोट्रायोन याच विकराला अडवते, पण म्हणून दुकानातून तणनाशकाची बाटली आणून ती माध्यमात ओतू नका. त्या मिश्रणात इतर अनेक घटक असतात आणि वाढ थांबली तर ती कशाने थांबली हे कळणार नाही. शुद्ध रसायन मिळवा. सल्कोट्रायोनने रंग बंद झाला आणि वाढ मात्र तशीच राहिली, तर पायोमेलॅनिन समजावे. कोजिक आम्लाने थांबला तर डोपाचा मार्ग. ताजा गाळलेला द्रव सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून हवेत हलवला आणि तो काही मिनिटांत गडद झाला, तर त्यात न जोडलेले होमोजेंटिसेट आहे असे समजायला हरकत नाही.

या ओघात एक गैरसमज काढून टाकते, कारण प्रकल्प अहवालांत तो वारंवार दिसतो. बीटी खाऊन मेलेली अळी काळी पडते, यावरून बीटीने तिच्या अंगात मेलॅनिन बनवले असे लिहिले जाते. तसे नसते. कीटकांच्या रक्तरसात स्वतःची फिनोलऑक्सिडेज यंत्रणा असते, जखम झाली किंवा जीवाणू आत शिरले की ती मेलॅनिन बनवून त्यांना वेढते. त्यात मृत ऊतींचे कुजणेही मिसळते. उलट फोटोरॅब्डस आणि झेनोरॅब्डस हे सूत्रकृमींच्या आतड्यात राहणारे कीटकनाशक जीवाणू कीटकाच्या या फिनोलऑक्सिडेजला अडवणारे पदार्थ बनवतात, म्हणजे ते मेलॅनिन थांबवतात. फोटोरॅब्डसने मेलेली अळी लालसर होते तो रंग अँथ्राक्विनोनांचा, आणि सेराशिया मार्सेसेन्सचा लाल रंग प्रोडिजिओसिनचा. रंगीत कीटकनाशक जीवाणू पुष्कळ आहेत, त्यांतले मेलॅनिनवाले थोडे.

आता 42 अंशांबद्दल. तुमच्या प्रयोगातला सर्वांत मोठा धोका मला इथे दिसतो. बीटीच्या स्फटिक प्रथिनांची जनुके प्रामुख्याने मोठ्या प्लाझ्मिडांवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वलयांवर, असतात, मुख्य गुणसूत्रावर क्वचितच. आणि बीटीला 42 ते 43 अंशांना पिढ्यान्पिढ्या वाढवणे हा या प्लाझ्मिडांपासून त्याला मुक्त करण्याचा, म्हणजे स्फटिकहीन बीटी मिळवण्याचा, प्रयोगशाळांतील नेहमीचा मार्ग आहे. ज्या तापमानाने तुम्ही मेलॅनिन मिळवता त्याच तापमानाने तुम्ही विष गमावण्याची शक्यता निर्माण करता. रंगाने गडद, उन्हात टिकाऊ आणि अळीला पूर्णपणे निरुपद्रवी असा जीवाणू हाती लागणे अगदी संभवनीय आहे. शिवाय स्फटिक नसलेला बीटी आणि बॅसिलस सिरियस यांत फरक करणे जवळजवळ अशक्य होते, आणि सिरियस हा अन्नविषबाधेचा जीवाणू आहे, हे विसरू नये. म्हणून 42 अंशांच्या प्रत्येक पिढीनंतर एकेकटी वसाहत 30 अंशांच्या साध्या माध्यमावर घ्या, बीजाणू येऊ द्या, कूमासी ब्रिलियंट ब्लू किंवा कार्बोल फ्युक्सिनने रंगवून स्फटिक असलेल्या आणि नसलेल्या वसाहतींचे प्रमाण मोजा. शक्य असेल तर प्रथिनांना आकारानुसार वेगळे करणारी जेल चालवा, क्राय1 या स्फटिक-प्रथिनांच्या गटातील प्रथिनाची 130 किलोडाल्टनजवळची पट्टी मूळ स्ट्रेनइतकीच ठळक आहे की नाही ते तिथे लगेच दिसते. मे महिन्यात वीज गेल्यावर आपल्याकडच्या बंद खोल्यांत तापमान आपोआप त्या पातळीवर जाते, तेव्हा साठवणीची स्लँट, म्हणजे तिरप्या माध्यमावर जीवाणू वाढवलेली नळी, त्या काळात फ्रिजबाहेर राहिली असेल तर तिच्यावरही शंका घ्यावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे रंगाने संरक्षण मिळते का, मेलॅनिन नेमके कुठे आहे यावर अवलंबून आहे. पायोमेलॅनिन पेशीबाहेर, द्रवात विरघळलेले असते. तुम्ही बीटी सेंट्रिफ्यूज करून, धुऊन, स्वच्छ बीजाणू-स्फटिक मिश्रण बनवले की बहुतेक मेलॅनिन वरच्या पाण्याबरोबर मोरीत जाते, आणि धुतलेला तपकिरी बीटी हा मग साध्या बीटीसारखाच उघडा पडतो. छत्री घरी ठेवून बाहेर पडण्यासारखे आहे ते. संपूर्ण द्रव न धुता वाळवला तर मेलॅनिन मिश्रणात राहते, परंतु त्याबरोबर टायरोसीनचे उरलेले अंश आणि चयापचयाची इतर उत्पादनेही येतात, आणि पानावरच्या पातळ थरात मेलॅनिन स्फटिकांभोवती पुरेसे राहते की पावसाच्या एका सरीत धुऊन जाते, हे प्रत्येक मिश्रणाचे वेगळे ठरवावे लागते. पेशीच्या आत किंवा बीजाणूच्या आवरणावर राहणारे मेलॅनिन अधिक उपयोगी, पण ते मिळवण्यासाठी बहुधा टायरोसिनेजचा मार्ग लागतो आणि तो तुमच्या स्ट्रेनमध्ये आहे की नाही ते वरील चाचणीनेच कळेल.

सिद्धता करताना तुमच्याकडच्या जंतुनाशक अतिनील दिव्याचा वापर सर्वांत शेवटी करा, किंवा करूच नका. तो दिवा 254 नॅनोमीटरचे किरण देतो. सूर्याचे 290 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण ओझोनमुळे जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. 254 वर मिळालेल्या सहनशीलतेवरून शेताबद्दल काहीही म्हणता येत नाही, तरीही प्रबंधांमध्ये हाच दिवा सर्रास वापरलेला आढळतो, कारण तो लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, आयताच असतो. यूव्ही-बीचा 312 नॅनोमीटरचा दिवा त्यापेक्षा बरा, आणि इंदूरचे ऊन सर्वांत उत्तम, शिवाय फुकट.

प्रयोगाची मांडणी मी अशी करीन. कुंड्यांतील सोयाबीनवर चार मिश्रणे फवारावीत. पहिले मूळ स्ट्रेनचे, 30 अंशांना रंगाविना वाढवलेले. दुसरे तपकिरी, न धुतलेले. तिसरे तपकिरी पण धुतलेले. चौथे मूळ रंगहीन स्ट्रेनचे, ज्यात तुम्ही आम्लाने गाळ करून वेगळे केलेले, पीएच उदासीन केलेले मेलॅनिन मिसळले आहे. हे चौथे मिश्रणच खरे उत्तर देते, कारण 42 अंशांना किंवा अतिनील किरणांनी निवडलेल्या स्ट्रेनमध्ये डीएनए दुरुस्तीसारखे इतर बदलही झालेले असू शकतात आणि सहनशीलता त्यांच्यामुळे वाढलेली असू शकते. मूळ स्ट्रेनला नुसते मेलॅनिन देऊन टिकाऊपणा वाढला, तर श्रेय मेलॅनिनचे. दुसऱ्या मिश्रणाचा टिकाऊपणा तिसऱ्यात नाहीसा झाला, तर मेलॅनिन बाहेर होते हे कळले. प्रत्येक मिश्रणाची अर्धी झाडे उन्हात, अर्धी सावलीत ठेवावीत आणि चारही मिश्रणांत स्फटिक प्रथिनाचे प्रमाण आधी समान करावे, बीजाणूंची संख्या समान केली तर पुरत नाही. ठरावीक तासांनी पाने तोडून त्यांचे दोन भाग करावेत, एका भागावरून जिवंत बीजाणू मोजावेत आणि दुसरा भाग अळ्यांना खायला द्यावा. बीजाणू मरणे आणि स्फटिकाचे विष उतरणे यांचा वेग सारखा नसतो, म्हणून नुसत्या वसाहती मोजून काढलेला टिकाऊपणा शेतकऱ्याच्या उपयोगाचा नसतो.

अळी कोणती घ्यावी, हाही प्रश्न आहे. तंबाखूवरील पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा, सहज मिळते म्हणून सगळे तीच घेतात, पण क्राय1ए गटातील विषांना ती मुळातच कमी बळी पडते आणि तुमचा चांगला स्ट्रेनही तिच्यावर निकामी दिसू शकतो. हरभऱ्यावरची घाटेअळी किंवा सोयाबीनची हिरवी उंटअळी घ्या, तीही पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतील. चक्रभुंगा आणि खोडमाशी यांवर कुर्स्टाकी उपजातीचा बीटी चालत नाही, म्हणून त्यांचा विषय काढूच नका. नियंत्रण गटातील मृत्यू वजा करण्यासाठी ॲबट यांचे 1925 चे सूत्र आजही वापरले जाते. आणखी एक खबरदारी अशी की गाळलेला द्रव ऑटोक्लेव्ह करून माशीच्या अळ्यांना देऊन पाहावा. त्यानेही अळ्या मेल्या तर तुमचा स्ट्रेन उष्णतेत टिकणारे बीटा-एक्झोटॉक्सिन बनवत असण्याची शक्यता आहे. हे विष आरएनए पॉलिमरेजला अडवते, कीटकांखेरीज इतर प्राण्यांनाही अपायकारक आहे, आणि बीटीच्या उत्पादनांत ते नसावे असा दंडक बहुतेक देशांत पाळला जातो. असा स्ट्रेन कितीही तपकिरी असला तरी तिथेच थांबवावा लागतो.

हे सगळे नीट पार पडले तरी उत्पादनाच्या दृष्टीने मी मेलॅनिनबद्दल फार उतावीळ नाही. शुद्ध टायरोसीन महाग पडते. इंदूर हे सोयाबीनचे केंद्र असल्याने डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयाबीनची पेंड, इथे सहज मिळते, तिच्या प्रथिनांत टायरोसीन असते आणि बीटी आपल्या विकरांनी ते मोकळे करून घेतो, म्हणून फर्मेंटरमध्ये पेंडीवर प्रयोग करण्यासारखा आहे. पण पेंडीचे माध्यम ऑटोक्लेव्ह केल्यावर आधीच तपकिरी असते, तेव्हा तिथे डोळ्यांवर विसंबता येत नाही आणि मेलॅनिन गाळ करून मोजावेच लागते. शिवाय 42 अंशांना फर्मेंटर चालवला तर बीजाणू आणि स्फटिक यांचे उत्पादन घटते, ते 28 ते 30 अंशांनाच चांगले येते. होमोजेंटिसेट डायऑक्सिजनेज निकामी असलेला स्थिर उत्परिवर्ती 30 अंशांनाच रंग देत असेल, तर माझ्या मते औद्योगिक दृष्टीने तीच वाट शहाणपणाची.

दुसरे असे की ऊन अडवण्याचे आणखी मार्ग आहेत. लिग्निन आणि लिग्नोसल्फोनेट, स्टार्चचे कवच, टायटॅनियम डायऑक्साइड, कोळशाची भुकटी हे सर्व वापरून पाहिलेले आहे. 1991 साली अमेरिकेत नोंदणी झालेल्या एका उत्पादनात बीटीचे विष सुडोमोनास फ्लुओरेसेन्स या दुसऱ्या जीवाणूच्या पेशीत बनवून मग त्या पेशी मारून कडक केल्या होत्या, म्हणजे मेलेली पेशीच स्फटिकाचे कवच झाली होती. आणि कोणतेही रसायन न घालता मिळणारे संरक्षण म्हणजे फवारणी संध्याकाळी करणे, कारण अळ्या रात्रीही खातात आणि स्फटिकाला पूर्ण एक रात्र मिळते. माझ्या ओळखीचे शेतकरी संध्याकाळच्या फवारणीने जेवढा फायदा मिळवतात, त्याहून स्पष्टपणे जास्त फायदा तुमच्या मेलॅनिनने मिळतो की नाही, हे तुलनेत यायला हवे. तेव्हा वरील मांडणीत संध्याकाळी आणि सकाळी फवारलेल्या झाडांचे दोन गट वेगळे ठेवा.

शेवटी शेतकऱ्यांना देण्याबद्दल. भारतात बीटीही कीटकनाशकच आहे, आणि 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी झाल्याशिवाय तो विकता येत नाही किंवा वाटताही येत नाही. नोंदणीसाठी स्ट्रेनची ओळख, सस्तन प्राणी, मासे, मधमाश्या यांवरील सुरक्षिततेच्या चाचण्या आणि शेतातील परिणामकारकता हे सर्व मागितले जाते. तुमचा स्ट्रेन नैसर्गिक किंवा किरणांनी उत्परिवर्तित असेल तर मार्ग एवढाच आहे. टायरोसिनेजचे जनुक बाहेरून आणून घातले, तर 1989 च्या नियमांखाली जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठीची परवानगी, म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीपर्यंतची (जीईएसी) वाट, वेगळी धरावी लागते, आणि तेवढ्यासाठी तुमचा प्रकल्प पुरणार नाही. स्ट्रेन खरोखर चांगला निघाला तर चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात किंवा उत्तर प्रदेशातील मऊ या गावच्या कृषी सूक्ष्मजीव संग्रहात तो जमा करून क्रमांक मिळवा, आणि त्याआधी मूळ रंगहीन स्ट्रेनचे बीजाणू निर्जंतुक गाळणकागदाच्या पट्ट्यांवर वाळवून, बंद कुपीत, फ्रिजमध्ये ठेवा. 42 अंशांवरच्या सगळ्या पिढ्या बिघडल्या तरी पुन्हा सुरुवात करायला त्या पट्ट्या हाताशी असतील. टायरोसीनच्या प्लेटवर पुन्हा रंग दिसला की मला छायाचित्र पाठवा, पण त्याच्यासोबत जीवाणू न लावलेल्या प्लेटचे आणि 30 अंशांवरच्या बीजाणूंच्या सूक्ष्मदर्शकातील दृश्याचेही पाठवा, म्हणजे पुढचे सांगता येईल.